इंदू आणि बिनइंजिनाचा पंप

इंदू, आपली ओळख तू मला रागावलीस तिथून सुरू झाली. म्हणून मीही तिथूनच सुरू करते.

मी डिचोलीच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. वस्तुचित्राच्या तासाला मुलांपुढे तोच तांब्या, तीच सुरई ठेवून मला कंटाळा आला होता. आमच्या घरामागच्या खोपीत एक लोखंडी वस्तू पडलेली होती. गोल, पोकळ, आणि भोवती काटेच काटे. मी ती टेबलावर उभी ठेवली, मुलांनी तिचे झकास मुकुट काढले आणि मी ते वर्गाच्या भिंतीवर लावले. तुझा मुलगा त्याच वर्गात होता. पालकसभेला तू आलीस, भिंतीसमोर थांबलीस आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, "टीचर, ही चित्रां सगळी चुकीची. ता आडवां व्हया होतां."

"काय आडवं?"

"ता कोळप्याचां चाक. भाताच्या दोन ओळींमधून ढकलतत, तेवा आडवां फिरता आणि तण उपटता. उभां करून तेचो काय उपयोग?"

"आम्ही मुकुट म्हणून काढलाय," मी म्हटलं.

"मगे मुकुटच ठेवचो होतो," तू म्हणालीस आणि मुलाचे गणिताचे गुण बघायला पुढे गेलीस.

मला राग आला. तरी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तुझ्या दुकानात आले. बसस्टँडच्या मागच्या गल्लीतलं शेतीच्या यंत्रांच्या सुट्या भागांचं ते दुकान, आणि काउंटरमागे तू. समोरचा माणूस खिशातून गंजलेला तुकडा काढायचा. तो काही बोलायच्या आत तू त्यावरून अंगठा फिरवायचीस, मागे न बघता हात वर करायचीस आणि फळीवरून नेमका तोच भाग काढून द्यायचीस. नवरा गेला तेव्हा गल्लीने धरलं होतं की हे शटर आता उघडत नाही. महिन्याच्या आत तू ते उघडलंस, आणि नंतरच्या सगळ्या वर्षांत 'माहीत नाय' हे दोन शब्द तुझ्या तोंडून गल्लीत कोणी ऐकले नाहीत. हे तूच मला त्या दिवशी सांगितलंस. तेही मला खरंच वाटलं.

मी निवृत्त झाले त्या वर्षापासून आपले रविवार सुरू झाले. तुझी स्कूटर, मागे मी, माझ्या पिशवीत वही आणि पेन्सिली. कोणाच्या खोपीत, कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या विहिरीच्या कठड्यावर न कळणारं लोखंड पडलेलं असायचं. त्यांनी बोलावलं की आपण जायचो. मी चित्र काढायचे, तू नाव सांगायचीस. पेडण्यापासून लाटंबार्श्यापर्यंत लोक आपल्याला 'पार्ट ओळखणाऱ्या बायका' म्हणायला लागले. तुला ते फार आवडायचं. मला थोडा संकोच वाटायचा, पण मलाही आवडायचं.

तोरश्याचं ते स्वयंपाकघर आठवतं? भिंतीवर ओळीने तारेचे आकडे ठोकलेले आणि त्यांवर कुलेरी, झारे, गाळणी टांगलेली. आपण गेलो होतो अंगणातला एकच दात असलेला फाळ बघायला. तू पाणी प्यायला आत गेलीस आणि तिथेच उभी राहिलीस. एक आकडा बोटांनी चाचपलास आणि घरच्या बाईला विचारलंस, "तुमच्याकडे पायान चलवची मळणी होती?" ती म्हणाली, होती, सासऱ्यांच्या वेळी, आता काही उरलेलं नाही. "उरलां कसां नाय? तेचे दात तुमच्या भिंतीर आसत." मग तू मला दाखवलंस. प्रत्येक आकडा एकाच बाजूने घासलेला होता. भाताच्या पेंढ्या ज्या बाजूने दातांवर धरत, ती बाजू. "झीज बघ, टीचर. लोखंड काय काम करी, ता झीज सांगता. आकार फसयता. झीज फसवणा नाय." ती बाई हसत हसत खुर्चीवर चढली आणि तिने कुलेरी उतरवून सगळे दात मोजले. बत्तीस भरले. माणसाइतकेच, म्हणाली.

आपलं भांडण एकच होतं आणि ते कधी मिटलं नाही. मला खात्री नसली की मी चित्राखाली प्रश्नचिन्ह घालायचे. तू खोडरबर घेऊन ते पुसायचीस. "लोक आपल्याक इचारूक येतत. आपण तेंकाच उलट इचारूचां?" मी म्हणायचे, न कळणंही लिहून ठेवावं. तू म्हणायचीस, ते शाळेत चालतं, काउंटरवर चालत नाही. माझ्या शाळेतल्या मराठीलाही तू हसायचीस. हसताना मात्र माझ्या पिशवीतल्या पेन्सिलींना टोक करून ठेवायचीस.

आता लाटंबार्श्याचं सांगते. हे आपण दोघींनी मिळून कोणाला कधी सांगितलं नाही. तू तुझ्या पद्धतीने सांगायचीस, मी माझ्या. आज सगळं एकत्र सांगते.

गावातल्या महिला मंडळाने देवळाच्या मंडपात जुन्या अवजारांचं प्रदर्शन मांडलं होतं आणि आपल्याला बोलावलं होतं. ज्याला जे ओळखून हवं ते त्याने आणायचं. पंचवीस-तीस माणसं असतील. दुपार होत आली तेव्हा दुर्पदीआजी आली. ऐंशीच्या पुढची, काठी टेकत. मागे तिची सून आणि रिक्षावाला मिळून एक जड लोखंडी वस्तू उचलून आणत होते. नारळाएवढी नव्हे, चांगली घागरीएवढी. वर घुमटासारखी गोल, खाली अरुंद मान, मानेखाली चार बोल्टांच्या भोकांची चपटी कडा, आणि एका बाजूला पाइप बसेल असं तोंड.

आजी म्हणाली, "माझो बापूस हेच्यान पाणी वर चढवी. व्हाळातसून कुळागरात. इंजिन नाय, बैल नाय, माणूस नाय. आपसूक चढा."

ओढ्याचं पाणी आपसूक वर पोफळीच्या बागेत! मंडपात हसू फुटलं. ते काही वाईट हसू नव्हतं. म्हातारीच्या बोलण्याला लोक हसतात तसं होतं. नंतर कळलं की आजीचा बाप, भिवा, हयात असतानाही या गोष्टीसाठी गावाने त्याला असंच हसून घेतलं होतं. पंप त्याच्या म्हातारपणी बंद पडला, पाइप कोणी उचलून नेले, आणि पाहिलेली माणसं एकेक करून गेली. उरली ही एकटी मुलगी.

तू खाली बसलीस. घुमटावर टिचकी मारलीस, मानेत बोट घातलंस. मी शेजारी बसून चित्र काढत होते. पाच मिनिटं झाली असतील. तू उठून हात झाडलेस आणि म्हणालीस, "हो हवेचो घट. पिस्टनच्या मोठ्या पंपार बसता, पाण्याचो धक्को सोसूक. असले पंप खाणीत होते, खड्ड्यातलां पाणी काढूक. शेतीचो पार्ट नाय हो."

हाताची घडी घालून खांबाला टेकलेला एक माणूस होता. तो म्हणाला, "म्हणजे भिवान खाणीतसून उचलून हाडलो म्हणा!"

आता हसू वेगळं होतं. तुझ्या लक्षात आलं नाही, तू पुढची वस्तू हातात घेतली होतीस. आजी मात्र उभी होती. ती मोठ्याने बोलली नाही. "माझो बापूस जन्मात खाणीर गेलो नाय," एवढंच म्हणाली. मग सुनेला म्हणाली, "उचल गो ता. चल घरा."

येताना स्कूटरवर मी तुला म्हटलं की मानेत एक बारीक भोक आहे. सुई जाईल एवढं. पंपाच्या घटाला असं भोक कशाला असेल? त्यातून पाणी गळेल.

"ओतकामातली खोट ती."

"खोट इतकी गोल नसते, इंदू."

"टीचर, तू दिसता ता काढतंस. मी आसा ता सांगतंय."

"मग जे आहे ते दिसत नाही का?"

तू स्कूटर थांबवलीस. वाटलं, मला उतरवतेस. तू उतरवलं नाहीस, पण डिचोलीपर्यंत एक शब्दही बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी मी दुकानात आले तर म्हणालीस, "अख्ख्या आयुष्यात मी चुकीचो पार्ट दिलंय नाय. आणि एका म्हातारीच्या गजालीखातीर आता चुकूचां?" मी वही काउंटरवर टाकली आणि निघून गेले. नंतर एकोणीस दिवस आपण बोललो नाही. मी मोजत होते. तूही मोजत होतीस, हे तुझ्या सुनेने, सायलीने, मला आत्ता सांगितलं.

विसाव्या दिवशी सकाळी तुझा फोन आला. "टीचर, लाटंबार्श्यात ये. व्हाळात. जुनी साडी नेसून ये."

मी पोचले तेव्हा तू गुडघाभर पाण्यात उभी होतीस, पदर खोचलेला, हातात कोयता. वरच्या काठावर दुर्पदीआजी काठीने दिशा दाखवत होती. "थंय नाय गो, फणसाच्या मुळाकडे!" नेच्याची झुडपं तोडून तू जागा मोकळी केली होतीस. चिऱ्याचा एक चौथरा निघाला होता. त्यात चार बोल्ट उभे होते, आणि बोल्टांना अजून धरून पोटातून फुटलेलं एक लोखंडी खोड. त्याच्या वरच्या कडेला चार भोकं. तू घटाच्या कडेचं माप दोरीला गाठी मारून आणलं होतंस. गाठी भोकांवर बरोबर बसल्या.

"रॅम पंप," तू म्हणालीस. "नाव ऐकललंय. बघूक कधी गावलो नाय."

मी विचारलं, तुला कसं कळलं?

"तुझ्या चित्रातसून. त्या भोकाखाली तू एक रेघ काढलंहस. बारीक, खाली उतरणारी. ती कित्याक काढलंस?"

"होती म्हणून काढली."

"ती झीज, टीचर. वरसानुवरसां त्या भोकातसून पाणी उडललां. भोक मुद्दाम केललां. माका घट हातात आसताना दिसलां नाय, आणि तुझ्या कागदार दिसलां."

तुझ्या तोंडून मला मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी. तेवढ्यात माझा पाय शेवाळावरून घसरला आणि मी पाण्यात बसले. तू इतकी हसलीस की आजीने वरून विचारलं, काय झालं.

मला वाटलं होतं, तू आजीची माफी मागशील आणि प्रकरण संपेल. तू म्हणालीस, चूक मंडपात केली, तर सांगायचीही मंडपातच. पुढच्या रविवारी भजनाच्या तयारीला लोक जमले होते. तू आजीला पुढे बसवलंस आणि उभी राहिलीस. हात तू पाठीमागे धरले होतेस.

"त्या दिवशी हंयच उभी रवान मी सांगलंय, हो घट खाणीतलो. ता चुकीचां. मी चुकलंय. हो घट पाण्याच्या जोरार चलणाऱ्या पंपाचो. आजी सांगता ता खरां. तिचो बापूस चोर नव्हतो आणि खोटो पण नव्हतो."

मग तोच खांबाजवळचा माणूस म्हणाला, "त्या दिवशी पण तुम्ही असांच ठासून सांगललात. मगे ह्यां तरी खरां कशावरून?"

मला त्याचा संताप आला. तुला आला नाही. तू म्हणालीस, "बरोबर इचारलंस. पाणी चढवून दाखवतंय. तेच्यानंतर बोल."

पुढचे चार रविवार आपण त्या व्हाळात घालवले. फुटलेलं खोड सांधायला आणि नवी झडप बनवायला तू औद्योगिक वसाहतीतल्या मारुतीला धरलंस. बेळगावकडचा टर्नर, पंचवीस वर्षं लेथवर उभा असलेला. त्याने तुझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, इंजिन नाही म्हणतासा, मग पाणी काय जादूनं चढतंय व्हय?"

तू त्याला समजावलंस, आणि त्याच्याबरोबर मलाही. वरच्या डोहातलं पाणी पाइपातून उताराने धावत खाली येतं आणि एका उघड्या झडपेतून बाहेर सांडत राहतं. वेग वाढला की तेच पाणी झडपेला धाडकन बंद करतं. धावतं पाणी अडलं की धक्का बसतो, आणि त्या धक्क्याने थोडं पाणी दुसऱ्या झडपेतून घटात घुसतं. घटातली हवा दाबली जाते, ती त्या पाण्याला वरच्या पाइपात ढकलते. तेवढ्यात जोर ओसरतो, पहिली झडप स्वतःच्या वजनाने पुन्हा उघडते, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि ते बारीक भोक? ठोक्याला त्यातून थोडं पाणी बाहेर उडतं, आणि ठोका ओसरला की तिथूनच चिमूटभर हवा आत जाते. नाही तर घटातली हवा हळूहळू पाण्याबरोबर निघून गेली असती आणि पंप बंद पडला असता. मारुतीने पान थुंकलं, हात पुसले आणि म्हणाला, "हे बनवणारा माणूस लई शाणा असणार बघा." झडपेचं रबर त्याने खनिजाच्या एका जुन्या ट्रकच्या चाकामागच्या पडद्यातून कापलं.

पहिल्या रविवारी झडप बंद झाली ती उघडेचना. हलकी होती. दुसऱ्या रविवारी तू तिच्या दांड्यावर वॉशर चढवलेस, तर ती उघडीच राहिली. तिसऱ्या रविवारी सांधा फुटला आणि मारुती डोक्यापासून पायापर्यंत भिजला. गावातली माणसं काठावर येऊन बसायला लागली होती. कोणी चहा आणायचं, कोणी सल्ला द्यायचं. खांबाजवळचा माणूसही यायचा, घडी घालून उभा राहायचा. तू त्याच्याकडे बघायचीही नाहीस. एकेक वॉशर काढायचीस, घालायचीस. तुझे पाय पाण्याने पांढरे पडले होते. मी म्हटलं, सोड आता. तू म्हणालीस, "बसला तर एका वॉशराचो प्रश्न आसा."

चौथ्या रविवारी सकाळी लवकर आपण तिघंच होतो आणि आजी. तू मला तिच्याबरोबर वर कुळागरात पाठवलंस, दगडी टाकीजवळ. पाइपाचं तोंड टाकीच्या काठावर बांधलेलं होतं. खालून ठोका ऐकू आला. मग दुसरा. मग तिसरा, चौथा, आणि पुढे थांबेचना. ठक. ठक. ठक. घड्याळापेक्षा थोडं सावकाश.

आम्ही पाइपाकडे बघत बसलो. बराच वेळ नुसती हवा फुसफुसली. मग तांबडं पाणी थेंबथेंब पडलं, मग तांबडी धार, मग स्वच्छ धार. करंगळीएवढी. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि आजीने माझा हात धरला.

"कोणाक सांगू नको इतक्यात. पयलां माका बघूंदे."

खाली तू ओरडत होतीस, "टीचर! इलां काय गो? इलां काय?" आणि मी गप्प. आजीने ओंजळ धरली, चूळ भरली. दुसरी ओंजळ घेऊन ती शेजारच्या पोफळीच्या रोपाकडे चालत गेली आणि ती त्याच्या मुळाशी ओतली. अशी चार वेळा गेली आणि आली. काठी टाकीला टेकवलेली तशीच होती. मग पदराला हात पुसून म्हणाली, "आता मार हाक."

तू धापा टाकत वर आलीस ती माझ्या अंगावरच धावलीस. "इतको वेळ आवाज कित्याक दिलंस नाय? माझो जीव जावचो रवलो!" मी तुला आजीचं सांगितलं. तू धारेखाली हात धरलास आणि मग तूही चूळ भरलीस.

त्या दिवशी अर्धा गाव व्हाळात उतरला. खांबाजवळच्या माणसाने पंपाला कान लावला, उठला, आजीसमोर जाऊन उभा राहिला. "भिवामामाचो पंप बरो चलता," असं काहीतरी म्हणाला. डोहातल्या पाइपाच्या तोंडाशी पाला अडकतो, तो दर आठवड्याला काढायचं काम आता त्याच्याकडे आहे. कोणी सांगितलेलं नाही, त्याने आपणहून घेतलं. व्हाळ आटेपर्यंत पंप चालतो, पावसाळ्यानंतर पुन्हा सुरू करतात.

इंदू, आता जे राहिलं ते.

मी तुला नेहमी सांगत आले की ते भोक मला तू बोलून झाल्यावर, चित्र पुरं करताना खटकलं. तसं नव्हतं. मंडपात, तू घटावर टिचक्या मारत होतीस तेव्हाच मला ते दिसलं होतं. रेघही दिसली होती. तू तोंड उघडायच्या आधी मी म्हणू शकले असते, थांब जरा. मी म्हटलं नाही. पंचवीस माणसं तुझ्याकडे बघत होती, तू बरोबरच असणार असं मला वाटत होतं, आणि बरोबर असणाऱ्या बाईची मैत्रीण असणं मला सुखाचं होतं. म्हणून आजी त्या दिवशी तशी घरी गेली. मंडपात उभं राहून चूक तू एकटीने कबूल केलीस, आणि मी बाजूला वही धरून उभी होते.

हॉस्पिटलात तुला सांगायचं ठरवून मी दोनदा आले. पहिल्यांदा तुला झोप लागली होती. दुसऱ्यांदा तू मला बोलूच दिलं नाहीस. नाकाला नळी असताना तू वहीची चौकशी करत होतीस. लाटंबार्श्याच्या पानावर मी फक्त बरोबर उत्तर लिहिलं होतं, ते तुला सायलीकडून कळलं होतं. "माझां चुकीचां उत्तर खंय गेलां?" मी म्हटलं, त्याची आता गरज काय? "गरज आसा. उद्या कोण तरी असोच घट घेवन येतलो आणि कोण तरी तेका खाणीतलो म्हणतलो. तेका कळूक व्हया, ही चूक होता. लिही." मी म्हटलं, बरं. तू म्हणालीस, "आत्ता लिही. माझ्यासमोर." मी पेन काढून लिहिलं. तू चष्मा लावून वाचलंस आणि अक्षर बरं नाही म्हणालीस.

घरी येऊन त्याच पानावर, तुझ्या चुकीखाली, मी माझीही लिहिली आहे. 'भोक आधीच दिसले होते. बोलले नाही.' खाली सही केली आहे. तू वाचली असतीस तर खूप ओरडली असतीस. मग स्कूटरवर गप्प बसली असतीस, आणि डिचोली आली की म्हणाली असतीस, पुढच्या रविवारी कुठे? मला याची खात्री आहे. तुझ्याबरोबर इतकी वर्षं फिरल्यावर एवढी खात्री धरायचा हक्क मला आहे.

तुझ्या तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी सायलीने मला दुकानात बोलावलं. केरीहून फोन होता, तुझ्या माहेरच्या शेजारच्या घरातून. जुनं घर पाहुण्यांसाठी दुरुस्त करताना त्यांना माळ्यावर पितळेची एक चीज सापडली होती. सायलीने रिसिव्हरवर हात ठेवून विचारलं, "टीचर, तुम्ही जाशात?" मी हो म्हटलं.

मी बसने गेले. घरमालकाने ती वस्तू पुसून, चमकवून मेजावर ठेवली होती. तळहातावर मावेल एवढी. मधे काचेची नळी, वर झाकण, झाकणावर एक इवलीशी मूठ, खाली आटे. त्याचं म्हणणं, ही पाखल्यांच्या, पोर्तुगिजांच्या काळातली अत्तराची कुपी. पाहुण्यांच्या खोलीत टांगायची होती. मी ती हातात घेतली. आकाराकडे बघितलं नाही. खालचे आटे बघितले, वर्षानुवर्षं थरथरून एका अंगाने खाल्लेले. मूठ बघितली, बोटाने वरखाली करून गुळगुळीत झालेली. काचेच्या आत तेलाचा जुना, पिवळा थर होता.

"ही इंजिनाला तेल पाजायची कुपी आहे," मी म्हटलं. "तुमच्या माडांना पाणी द्यायला पूर्वी इंजिन होतं?"

होतं, तो म्हणाला. आजोबांच्या वेळी.

मी स्वयंपाकघरातून खोबरेल मागितलं आणि कुपी भरली. मूठ आडवी होती तोवर काही झालं नाही. ती उभी केली तशी आतली सुई वर उचलली गेली आणि खालून एक थेंब पडला. मग दुसरा. घरातली सगळी माणसं मेजाभोवती वाकून बघत होती. माझा आवाज एकदाही कापला नाही, इंदू. मी नाव सांगितलं, काम सांगितलं, कुठली बाजू वर ते सांगितलं, आणि चित्र काढलं.

त्यांची आजी कोपऱ्यात खुर्चीवर होती. नव्वदीची असेल. तिने मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "तू आमच्या इंदूवांगडा फिरतंस ती मगो?" मी हो म्हटलं. नात माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, तिला तीनदा सांगितलं, इंदूमावशी गेली म्हणून. ती विसरते. आजीने माझं मनगट पकडून ठेवलं होतं.

"इंदूक एक निरोप दी," ती म्हणाली. "सांग तिका, तेंच्या घराकडली बाव बुजवूची म्हणत होते. मी बुजवूक दिलंय नाय. गाळ काढून घेतलो. ती ल्हान आसताना थंयच बसान आसायची. सांगशीत मगो?"

मी म्हटलं, सांगते.

निघताना मी शेजारी तुझ्या माहेरच्या अंगणातल्या त्या विहिरीवर गेले. पोहरा टाकला, पाणी ओढलं.

तर इंदू, निरोप असा आहे. बाव बुजवलेली नाही, गाळ काढला आहे. पाणी गोड आहे. मी पिऊन आले.